पेशी वाचण्याचा व्यवसाय

गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची चाहूल तो पुरता जडण्याच्या कितीतरी आधी देणाऱ्या पॅप चाचणीचा इतिहास बहुधा जॉर्ज पापानिकोलाऊ या संशोधकाच्या चरित्राच्या अंगाने सांगितला जातो, आणि ज्याच्या नावाने ती चाचणी ओळखली जाते त्याला तो मान मिळणे योग्यच आहे. तथापि एखादी तपासणी शोधून काढणे आणि ती लाखो स्त्रियांपर्यंत विश्वासार्ह रीतीने पोहोचवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट साध्य झाली ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या वाचणारा एक नवा व्यावसायिक वर्ग घडवला गेला म्हणून. या वर्गाला कोणी शिकवले, काय शिकवले आणि नवे ज्ञान त्याच्यापर्यंत कसे पोहोचत राहिले, हा पेशीविज्ञानाच्या, म्हणजे सायटोलॉजीच्या, इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा आणि बराच दुर्लक्षित भाग आहे.

कर्करोगाच्या गाठी पेशींच्याच बनलेल्या असतात हे जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले, आणि शरीरातून आपोआप सुटून येणाऱ्या पेशींतही रोगाची खूण सापडू शकते याचा प्रत्यय लंडनच्या लायनेल बील यांना १८६० मध्ये घशाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची थुंकी तपासताना आला. या निरीक्षणांतून स्वतंत्र शास्त्र मात्र पुढे कित्येक दशके उभे राहिले नाही. गाठीचा तुकडा कापून, मेणात बसवून, त्याचे पातळ काप तपासण्याची ऊतिपरीक्षा, म्हणजे बायॉप्सी, एकदा प्रस्थापित झाल्यावर विकृतिशास्त्रज्ञांना, म्हणजे रोगाने ऊतींत घडणारे बदल ओळखणाऱ्या डॉक्टरांना, सुट्या पेशींवर विसंबण्याचे कारण वाटेना. कापात पेशींची मूळ रचना आणि रोगाने केलेली घुसखोरी दिसते, तर सुट्या पेशीत रचना दिसत नाही, केवळ त्या पेशीचे रूप दिसते. हा आक्षेप निराधार नव्हता. त्या काळी प्रश्न विचारला जात होता तो आजारी रुग्णाबद्दल. निरोगी दिसणाऱ्या, कोणतीही तक्रार नसलेल्या हजारो माणसांची सरसकट तपासणी करून त्यांतून संशयास्पद तेवढी बाजूला काढण्याची, म्हणजे चाळणी तपासणीची, कल्पनाच अजून रुजलेली नव्हती, आणि त्या कामासाठी प्रत्येकीच्या अंगाचा तुकडा काढणे शक्य नव्हते.

बुखारेस्टमध्ये ऑरेल बाबेश यांनी प्लॅटिनमच्या बारीक कडीने गर्भाशयमुखावरील पेशी उचलून, काचेवर पसरून व रंगवून कर्करोगाचे निदान करता येते असे जानेवारी १९२७ मध्ये तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सभेत मांडले आणि पुढील वर्षी फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केले. पापानिकोलाऊ यांचा निबंध जानेवारी १९२८ मधला, अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक येथील परिषदेत वाचलेला. दोघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे आणि निराळ्या पद्धतींनी काम केले असल्याने अग्रक्रमाचा वाद आज उकरून काढण्यात फारसे हशील नाही. लक्षणीय आहे ते हे की दोन्ही निबंधांची त्या वेळी जवळपास सारखीच उपेक्षा झाली.

पापानिकोलाऊ यांचा जन्म १८८३ मध्ये ग्रीसमधील किमी या गावी झाला. अथेन्समध्ये वैद्यकीय पदवी आणि म्युनिकमध्ये प्राणिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून ते १९१३ मध्ये पत्नी आंद्रोमाखे यांच्यासह न्यूयॉर्कला आले, तेव्हा दोघांनाही प्रारंभी एका मोठ्या दुकानात नोकरी करावी लागली. पुढे कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात चार्ल्स स्टॉकार्ड यांच्यासोबत गिनीपिगांच्या ऋतुचक्राचा अभ्यास करताना, प्राण्याला न मारता त्याच्या योनिमार्गातील स्रावातल्या पेशींवरून चक्राची अवस्था ओळखता येते हे त्यांना आढळले, आणि तो निबंध १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हीच पद्धत त्यांनी स्त्रियांना लावली, आणि त्या अभ्यासात वर्षानुवर्षे स्वतःच्या स्रावाचे नमुने देणारी पहिली स्त्री त्यांची पत्नीच होती. प्रयोगशाळेतही त्या विनावेतन राबत असत. आंद्रोमाखे यांच्या या सहभागाचा उल्लेख चरित्रांत कौतुकाने येतो, पण तो सहधर्मचारिणीच्या त्यागाच्या सदरात टाकला जातो. सुदृढ स्त्रीच्या पेशी रोजच्या रोज कशा बदलतात याची पक्की नोंद त्या नमुन्यांमुळे होऊ शकली, आणि निरोगी पेशींची ही दीर्घ ओळख हाताशी नसती तर रोगट पेशी वेगळी ओळखता आलीच नसती, म्हणून त्यांची जागा या शास्त्राच्या पायातच आहे.

१९२८ च्या उपेक्षेनंतर जवळपास दशकभर मागे पडलेले हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या सहकार्याने पुन्हा सुरू झाले, न्यूयॉर्कच्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या स्त्रियांचे नमुने पद्धतशीरपणे गोळा होऊ लागले, आणि १९४१ चा निबंध व १९४३ चा सचित्र ग्रंथ यांनी वैद्यकीय जगाचे मत पालटले. ग्रंथातील पेशींची रंगचित्रे हाशिमे मुरायामा या चित्रकाराने काढली होती, आणि ज्यांनी अशा पेशी कधी पाहिल्याच नव्हत्या त्या वाचकांसाठी ती चित्रे मजकुराइतकीच महत्त्वाची ठरली. दरम्यान १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेली रंगपद्धती आजही पापानिकोलाऊ यांच्याच नावाने ओळखली जाते. काचपट्टीवरचा स्राव वाळण्याआधीच मद्यार्कात बुडवून पेशी आहेत त्या स्थितीत पक्क्या करायच्या, हीमॅटॉक्सिलिन या रंगाने पेशीचे केंद्रक निळे-जांभळे करायचे, आणि नंतर ऑरेंज-जी व ईए या रंगांनी पेशीद्रव, म्हणजे केंद्रकाभोवतीचा भाग, पेशीच्या परिपक्वतेप्रमाणे नारिंगी, गुलाबी किंवा निळसर हिरवा करायचा, असा तिचा क्रम आहे. या रंगांत पेशीद्रव इतके पारदर्शक राहते की एकावर एक चढलेल्या पेशींतूनही खालचे केंद्रक दिसते, आणि कर्करोगाच्या बहुतेक खुणा केंद्रकातच असतात: ते प्रमाणाबाहेर मोठे होते, गडद होते, त्याची कड वेडीवाकडी होते आणि आतील रंगसूत्रद्रव्य ओबडधोबड गोळ्यांसारखे दिसू लागते.

पद्धत सिद्ध झाली आणि लगेच अडचण उभी राहिली ती माणसांची. एका नेहमीच्या काचपट्टीवर ५०,००० ते ३,००,००० पेशी असू शकतात, त्यांतील रोगट पेशी कधी मोजक्याच असतात, आणि तपासायच्या काचपट्ट्यांपैकी बहुसंख्य सर्वस्वी निर्दोष असतात. असे काम विकृतिशास्त्रज्ञांनी स्वतः करायचे म्हटले तर त्यांना दुसरे काहीच करता आले नसते. उत्तर बॉस्टनमध्ये सापडू लागले. तेथील व्हिन्सेंट स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रूथ ग्रॅहम या डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञ स्त्रीने पापानिकोलाऊ यांच्याकडून विद्या आत्मसात करून १९४० च्या दशकात असंख्य काचपट्ट्या वाचल्या, इतरांना शिकवले, आणि त्या प्रयोगशाळेच्या अनुभवावर आधारलेला पाठ्यग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. शिस्तबद्ध प्रशिक्षण मिळाले तर वैद्यकीय पदवी नसलेली व्यक्तीही पहिले वाचन करू शकते, आणि संशयास्पद तेवढेच डॉक्टरांकडे पाठवू शकते, ही कामाची विभागणी पुढे जगभर मान्य झाली. या विभागणीतून जन्मलेल्या व्यावसायिकाला सायटोटेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. मराठीत त्याला पेशीतपासनीस म्हणता येईल.

या कामाचे प्रत्यक्ष स्वरूप पाहिले की प्रशिक्षणाला इतके महत्त्व का, हे कळते. तपासनीस काचपट्टीचा अर्जावरील नाव व क्रमांकाशी मेळ घालतो, ती सूक्ष्मदर्शकाच्या सरकत्या मंचावर बसवतो, दहापट भिंगाखाली एका कोपऱ्यापासून आरंभ करून ओळीने वर-खाली सरकत जातो, आणि प्रत्येक नवे दृश्य आधीच्या दृश्यावर थोडे चढलेले राहील अशी काळजी घेतो, म्हणजे मधली पट्टी सुटत नाही. शंका आली तेथे चाळीसपट भिंग लावून पाहायचे, आणि पेशी खरोखर संशयास्पद असेल तर काचेवर तिच्याशेजारी शाईचा बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे विकृतिशास्त्रज्ञाला ती नेमकी सापडते. यात कठीण भाग रोगट पेशी ओळखण्याचा नसतो, कारण ठळक रोगट पेशी शिकाऊ माणसालाही दिसते. कठीण असते ते शेकडो निर्दोष काचपट्ट्यांनंतर आलेल्या काचपट्टीतील, दाह झालेल्या पेशींच्या गर्दीत हरवलेल्या चार पेशींवर डोळा थांबणे. थकवा, घाई आणि बहुधा काही निघणार नाही ही नकळत बळावणारी अपेक्षा यांच्याशी झुंजणारे हे कौशल्य पुस्तकाने येत नाही. ते अनुभवी माणसाच्या शेजारी बसून, दोन नेत्रभिंगांच्या जोडसूक्ष्मदर्शकातून एकच पेशी दोघांनी पाहत, अंगी बाणवावे लागते.

अमेरिकन कॅन्सर सोसायटीने या प्रशिक्षणाला प्रारंभापासून पाठबळ दिले. कॉर्नेलमध्ये पापानिकोलाऊ यांचे अभ्यासवर्ग सुरू झाले आणि तेथे शिकून गेलेल्यांनी आपापल्या शहरांत प्रयोगशाळा काढल्या; कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९४९ मध्ये संघटित तपासणीला आरंभ झाला, आणि अमेरिकेत मेंफिसमध्ये १९५० च्या दशकात एक लाखाहून अधिक स्त्रियांची पहिली तपासणी करून ही पद्धत मोठ्या लोकसंख्येवरही चालते हे सिद्ध करण्यात आले. १९५१ मध्ये पेशीविज्ञानात काम करणाऱ्यांची अमेरिकेतील संघटना स्थापन झाली, १९५७ मध्ये पेशीतपासनिसांसाठी प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली, आणि त्याच वर्षी पेशीविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय अकादमीची स्थापना व शिकागोच्या जॉर्ज वीड यांच्या संपादनाखाली ‘ॲक्टा सायटोलॉजिका’ या नियतकालिकाचा आरंभ झाला. वीड यांनी चालवलेले शिकवणी वर्ग देशोदेशींच्या डॉक्टरांना आणि तपासनिसांना एकाच वर्गात बसवत. वैद्यकीय क्षेत्रातील श्रेणीव्यवस्था लक्षात घेता हे सामान्य पाऊल नव्हते, आणि या व्यवसायाची प्रतिष्ठा बांधण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

पदवी किंवा प्रमाणपत्र मिळाल्यावरही शिकत राहणे, ज्याला आज निरंतर शिक्षण म्हणतात, या व्यवसायात अपरिहार्य का ठरले हे एका पेशीच्या कथेतून उत्तम समजते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील लिओपोल्ड कॉस आणि त्यांच्या सहकारी ग्रेस डर्फी यांनी १९५६ मध्ये गर्भाशयमुखावरील एका विशिष्ट पेशीचे वर्णन केले: केंद्रक गडद व सुरकुतलेले, आणि त्याभोवती कोरून काढल्यासारखी, ठळक कडेची, रिकामी पोकळी. या पेशीला त्यांनी कॉयलोसाइट म्हटले. तिचा अर्थ काय, याविषयी पुढील वीस वर्षे निश्चित उत्तर नव्हते, त्यामुळे काही तपासनीस तिला दाहाच्या खात्यात टाकत, तर काही पूर्वकर्करोगाच्या. १९७६ मध्ये क्वेबेकचे आलेक्झांडर मैझेल्स आणि त्यांचे सहकारी फोर्तँ यांनी ‘ॲक्टा सायटोलॉजिका’मध्ये दाखवले की ही पेशी म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, संसर्गाची खूण आहे, आणि त्याच सुमारास फिनलंडमधील संशोधकही त्याच निष्कर्षाप्रत आले. जर्मनीतील हारल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये या विषाणूचे १६ व १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधून काढले, आणि त्या कार्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी तीच होती, भिंगही तेच होते. परंतु १९७६ पूर्वी शिकून बाहेर पडलेल्या आणि नंतर नियतकालिक न उघडलेल्या तपासनिसाच्या डोळ्यांना तिच्यात जे दिसत नव्हते ते परिषदांना जाणाऱ्या तपासनिसाला दिसू लागले. कर्करोग संशोधनातील बातमी आणि एका सामान्य प्रयोगशाळेतील स्त्रीचा अहवाल यांच्यातील अंतर किती थोडे असते, आणि ते कापण्याची जबाबदारी कोणाची, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

या जबाबदारीकडे पाठ फिरवली तर काय होते हे १९८७ मध्ये उघड झाले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे वार्ताहर वॉल्ट बोग्दानिच यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या वृत्तमालिकेत, काही व्यापारी प्रयोगशाळांत काचपट्टीमागे मोबदला मिळत असल्याने तपासनीस शिफारशीच्या कितीतरी पट काचपट्ट्या दररोज वाचत आणि परिणामी रोगट काचपट्ट्या निर्दोष म्हणून बाहेर पडत, हे पुराव्यानिशी दाखवले. निर्दोष असा अहवाल हाती आल्यामुळे निश्चिंत राहिलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही चूक प्राणघातक होती, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वावस्थेत सापडला तर जवळजवळ हमखास टाळता येतो. लोकक्षोभातून १९८८ मध्ये अमेरिकन संसदेने प्रयोगशाळांविषयीचा कायदा दुरुस्त केला: एका तपासनिसाने चोवीस तासांत १०० हून अधिक काचपट्ट्या वाचू नयेत, निर्दोष ठरलेल्यांपैकी किमान दहा टक्के पुन्हा तपासाव्यात, आणि गंभीर दोष सापडल्यास त्या स्त्रीच्या मागील पाच वर्षांच्या काचपट्ट्या पुन्हा काढून पाहाव्यात, अशा तरतुदी त्यातून पुढे लागू झाल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेथेस्डा येथे भरलेल्या कार्यशाळेने पापानिकोलाऊ यांची पाच वर्गांची जुनी प्रतवारी मोडीत काढून अहवालाची नवी परिभाषा दिली, कारण वर्ग तीन म्हणजे नेमके काय, याचा अर्थ प्रयोगशाळेगणिक बदलत होता आणि उपचार करणारा डॉक्टर गोंधळात पडत होता.

कायद्यातील वार्षिक प्रावीण्य परीक्षा प्रत्यक्षात देशभर लागू व्हायला २००५ साल उजाडले. दोन तासांत दहा काचपट्ट्या, उत्तीर्ण होण्यास नव्वद गुण, आणि उच्च दर्जाची विकृती किंवा कर्करोग असलेली काचपट्टी निर्दोष ठरवली तर बाकी सारी उत्तरे बरोबर असूनही अनुत्तीर्ण. अनेक व्यावसायिकांनी या परीक्षेला विरोध केला. कृत्रिम वातावरणातील दहा काचपट्ट्यांवरून वर्षभराच्या कामाची पारख होत नाही, आणि परीक्षेच्या धास्तीने तपासनीस गरजेपेक्षा जास्त संशय नोंदवू लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहे. शिक्षण आणि पोलिसी या दोन गोष्टी एकाच परीक्षेकडून साधून घेण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यात शिक्षणाची बाजू लंगडी पडली.

भारतातील कर्करोग संशोधनाचा आरंभ मुंबईशी निगडित आहे. टाटा स्मारक रुग्णालय फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले, तेथील प्रयोगशाळेची धुरा विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली, आणि १९५२ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्या शिष्या कमल रणदिवे, ज्या मूळच्या पुण्याच्या, १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवून अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी ज्या प्रयोगशाळेत प्रथम अखंडपणे वाढवल्या गेल्या ती हीच. परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या केंद्रात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, भारतातील पहिली प्रयोगशाळा उभारली. संशोधनाच्या पातळीवर मराठी भूमी अशी जगाच्या बरोबरीने चालत होती; पण चाळणी तपासणीसाठी लागणारा तपासनिसांचा वर्ग येथे त्या प्रमाणात तयार झाला नाही. दिल्लीत १९७९ मध्ये उषा लुथ्रा यांच्या पुढाकाराने पेशीविज्ञान संशोधन केंद्र निघाले, त्याची पुढे संस्था झाली, आणि भारतीय पेशीविज्ञान अकादमी परीक्षा व वार्षिक परिषदा भरवत आली. परंतु कोट्यवधी स्त्रियांच्या देशाला पुरतील इतके प्रशिक्षित डोळे कधीच उपलब्ध नव्हते. भारतीय पेशीतज्ज्ञांचे कसब मुख्यतः फुलले ते बारीक सुईने गाठीतील पेशी खेचून घेण्याच्या तपासणीत, जी येथे एफएनएसी या नावाने सर्वपरिचित आहे, कारण तेथे रुग्ण स्वतःहून गाठ घेऊन येतो.

या उणिवेचे मोजमाप उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यात झाले. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची चार गटांत विभागणी केली: एका गटाची विषाणूच्या डीएनएची तपासणी, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्याची पातळ ॲसिटिक आम्ल लावून उघड्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा गट नेहमीच्या सेवेवर. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणू तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले आणि चौथ्या गटात ६४. पॅप चाचणीच्या गटात मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीवाचून ठेवणे कितपत न्याय्य होते, हा प्रश्न पुढे गांभीर्याने विचारला गेला, आणि या अभ्यासाचा कोणताही गौरव त्या स्त्रियांचा उल्लेख टाळून करता येणार नाही. पॅप चाचणीच्या अपयशाचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: युरोप-अमेरिकेत ती यशस्वी झाली ती एका वाचनाच्या अचूकतेवर नव्हे, तर दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा होणाऱ्या वाचनांवर, ज्यामुळे एकदा सुटलेली विकृती पुढच्या खेपेस सापडते. आयुष्यात एकदाच तपासणी मिळणाऱ्या स्त्रीला ती दुसरी संधी नव्हती.

या आणि अशा इतर अभ्यासांनंतर नेदरलँड्स व ऑस्ट्रेलिया यांनी २०१७ मध्ये आधी विषाणू तपासणी आणि विषाणू सापडला तरच पेशींचे वाचन असा क्रम स्वीकारला, आणि इंग्लंडनेही त्याचे अनुकरण करून पेशीतपासणीच्या अनेक प्रयोगशाळांचे रूपांतर मोजक्या मोठ्या केंद्रांत केले. काचपट्ट्यांची संख्या घटली, पण ज्या उरल्या त्या सगळ्या विषाणू आढळलेल्या स्त्रियांच्या असल्याने अधिक अवघड झाल्या. शिवाय विषाणू आहे हे आधीच ठाऊक असलेला तपासनीस किरकोळ बदलही विकृती म्हणून नोंदवण्याकडे झुकतो, हे दिसून आल्यामुळे अनुभवी माणसांनाही आपली नजर नव्याने बसवावी लागत आहे. शिकाऊ तपासनिसापुढचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण निर्दोष पेशींच्या ज्या हजारो काचपट्ट्यांवर आंद्रोमाखे यांच्या काळापासून प्रत्येक पिढीचा डोळा तयार झाला, त्या आता प्रयोगशाळेत येतच नाहीत, आणि त्यांच्या जागी जुन्या काचपट्ट्यांचे संग्रह, अंकीय प्रतिमा आणि शिकवणी वर्ग यांतून तोच सराव कसा उभा करायचा यावर या व्यवसायाचे शिक्षक आज काम करीत आहेत.